एकशे त्रेचाळीस बंद कंपन्या

शुक्रवारी बाजार बंद झाला आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरीणबाई ऑफिसात आल्या. वहिनी तेव्हा दिवसाचे भाव डेटाबेसात चढवत होत्या. गेली अकरा वर्षं त्यांचं हेच काम. बाजारातल्या प्रत्येक कंपनीची रोज एक ओळ: उघडता भाव, दिवसातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा, बंद भाव, आणि किती शेअरांची उलाढाल झाली ते. ओळ चढवली की सुटलो, असंही नाही. एखाद्या कंपनीने एका शेअरचे पाच केले तर भाव एका दिवसात पाचव्या हिश्शावर येतो. मागच्या सगळ्या ओळी त्या हिशेबाने बदलल्या नाहीत, तर सॉफ्टवेअरला वाटतं आभाळच कोसळलं. कोणी नाव बदलतं, कोणी दुसऱ्या कंपनीत मिसळून जातं. लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं आडनाव लक्षात ठेवावं तशी ती जुनी नावं लक्षात ठेवावी लागतात.

ऑफिस त्यांच्या दिराचं, म्हणजे भाऊजींचं. खरं तर दोघा भावांनी मिळून काढलेलं. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, गेला तेव्हा डेटाबेस अर्धवट होता आणि त्याला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती. वहिनी बसल्या. महिनाभरासाठी म्हणून बसल्या, त्या बसल्याच. तिसरे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. नोकरी सोडून शेअरखरेदीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि त्यातच केस पांढरे केले. नात्याने त्या एकट्या दिराच्या वहिनी, पण मास्तरांपासून जिना झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

सोमवारी सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताच, मास्तरांचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा परक्याच्या पैशावर चालणार होतं. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद करून जागा विकली होती, आणि ती सगळी रक्कम भाऊजींवर विश्वास टाकून इथे ठेवली होती.

"नियम अगदी साधा आहे," मास्तर स्क्रीनसमोर उभे राहून सांगत होते. हातात खडू नव्हता, पण बोटं खडू धरल्यासारखीच. "मोठ्या कंपनीचा भाव फार पडला, की घ्यायचा. पडलेला उठतो. वीस वर्षांच्या भावांवर चालवून बघितलंय."

स्क्रीनवर हिरवी रेघ जिना चढावा तशी वर चढत गेली होती.

"आणि ही सगळी भट्टी पेटती ठेवतात त्या आमच्या वहिनी," भाऊजी म्हणाले. "यांच्या डेटाबेसातून माशी सुटणार नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. खुर्ची ओढून वहिनींच्या शेजारी बसल्या. "मग एक गंमत बघू? ती पंख्यांची कंपनी आहे का हो यात? माझे वडील तिथे होते कामाला."

वहिनींनी नाव टाकलं. स्क्रीन कोरी. पुन्हा टाकलं. पुन्हा कोरी.

"ती कधीच बंद पडली, डॉक्टर," भाऊजी म्हणाले.

"हो ना. वडिलांचे शेअर तसेच राहिले ट्रंकेत. भाव पडला की थोडे घ्यायचे. अजून पडला की अजून थोडे. आई ओरडायची, तर म्हणायचे, अगं पडलेलं उठतंच!" बाई सहज सांगत होत्या, त्यात राग नव्हता. मग त्यांनी वहिनींकडे वळून विचारलं, "पण बाकी यादी पूर्ण आहे ना?"

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. मास्तरांनीही.

"पूर्ण आहे," वहिनी म्हणाल्या.

तोंडातून शब्द गेला, आणि तो खोटा आहे हे त्यांचं त्यांनाच कळलं. कारण ती कंपनी एकेकाळी डेटाबेसात होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने ती काढली होती. तिच्यासारख्या आणखी एकशे बेचाळीस. कंपनी बंद पडली की तिच्या ओळी मध्येच तुटायच्या आणि मास्तरांचं सॉफ्टवेअर तिथे अडखळून थांबायचं. "ही मेलेली नावं काढून टाका वहिनी, नुसती अडगळ आहे," मास्तर म्हणाले होते. वहिनींनी काढली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर सॉफ्टवेअर कुठेच अडखळलं नाही, आणि ती हिरवी रेघही तेव्हापासूनच एवढी झोकात चढायला लागली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, मास्तरांच्या मेहनतीला फळ आलं.

घर ऑफिसापासून पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी वहिनींना चाळीस मिनिटं लागली. दोनदा त्या चुकीच्या वळणावर वळल्या. डोक्यात एकच. पडलेले सगळे उठले असं सॉफ्टवेअर म्हणतं. म्हणणारच. पडून जे उठले नाहीत त्यांना आपण यादीतच ठेवलं नाही. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना गोळा करून विचारलं तर सगळे म्हणतील, तंबाखूने काही होत नाही. ज्यांना झालं, ते सांगायला कुठे आहेत?

घरात धाकटी जाऊ सोमवारसाठी भाऊजींचा शर्ट इस्त्री करत होती. "आमचे हे आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले बघा, जाऊबाई," ती म्हणाली. "आता सगळं मार्गी लागेल." वहिनींनी मान हलवली. तोंड उघडायचा धीर झाला नाही. आणि सांगणार तरी काय? नुसता संशय? आधी खात्री तर करावी.

शनिवारी बाजार बंद, ऑफिसही बंद. वहिनींनी "भाव तपासायचेत" एवढंच सांगितलं आणि किल्ली घेऊन निघाल्या. खोटं म्हणावं असं ते नव्हतं.

काही काढायच्या आधी प्रत घ्यायची, ही त्यांची पहिल्यापासूनची सवय. जुनी डिस्क कपाटात खालच्या खणात मिळाली. वहीत त्या दिवसाची नोंदही मिळाली. तारीख, नावांची संख्या, आणि समोर त्यांच्याच अक्षरात: मास्तरांच्या सांगण्यावरून. त्यांनी चालू डेटाबेसाला हात लावला नाही. त्याची वेगळी नक्कल केली आणि त्या नकलेत ही नावं परत घालायला बसल्या.

काढायला अर्धं मिनिट लागलं होतं. घालायला अख्खा शनिवार गेला आणि रविवारची सकाळही. जुन्या प्रतीत तारीख दिवस-महिना अशी होती, नव्यात महिना आधी. पहिल्या खेपेला सगळं चढलं, आणि बघतात तर तीन एप्रिलचे भाव चार मार्चला जाऊन बसलेले. पुसलं, पुन्हा चढवलं. मग दुसरंच निघालं. बंद पडलेल्या नऊ कंपन्यांची लघुनावं, म्हणजे बाजारात ओळखीसाठी वापरायची दोन-चार अक्षरं, पुढे बाजाराने नव्या कंपन्यांना देऊन टाकली होती. पंख्यांच्या कंपनीचं लघुनाव आता एका औषधवाल्याकडे होतं. तसंच चढवलं असतं तर पंखेवाली बुडून दोन वर्षांनी गोळ्या विकत जिवंत झाली असती. वहिनींना एकटीलाच हसू फुटलं, आणि लगेच विरलं. त्या नऊजणींना त्यांनी वेगळे क्रमांक दिले.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअर अडखळण्याचा. बंद पडलेल्या कंपनीच्या शेवटच्या तारखेपुढे त्यांनी तोच शेवटचा भाव ओढत नेला आणि उलाढालीच्या रकान्यात शून्य घातलं. हे त्या कंपन्यांना झुकतं मापच होतं. खऱ्या बाजारात तेवढेही हाती आले नसते.

रविवारी अकराच्या सुमाराला त्यांनी मास्तरांची चाचणी नकलेवर लावली. संगणक कामाला लागला. एकेक वर्ष पुढे सरकत होतं. एक वाजता जावेचा फोन आला. "जेवायला येताय ना? ताट वाढून ठेवलंय."

"तुम्ही जेवून घ्या."

"बरं आहे ना सगळं?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. तीन दिवसांत दुसऱ्यांदा तोच शब्द.

पावणेचारला चाचणी संपली. रेघ पहिली चार वर्षं वर गेली, मग डगमगली, मग सातव्या वर्षापासून पायऱ्या उतराव्यात तशी खाली. शेवटी सुरुवातीच्याही खाली. वहिनींना पहिला विचार आला तो सुटकेचा: चूक आपलीच असेल. त्यांनी दहा कंपन्या काढल्या, कॅल्क्युलेटर घेतला, आणि सॉफ्टवेअरने केलेली एकेक खरेदी हाताने पडताळली. दहाच्या दहा बरोबर. आपण बरोबर असल्याचं त्यांना इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. भाऊजी जावेला घेऊन तिच्या माहेरी गेले होते, ते उशिरा परतले तेव्हा वहिनींनी दाराशी जाऊन तोंड उघडलंही, पण भाऊजी म्हणाले, "आता काही नको, वहिनी. उद्या पहाटे उठायचंय," आणि दार लोटून घेतलं.

सोमवारी आठला वहिनी ऑफिसात होत्या. सव्वाआठला मास्तर आले. वहिनींनी दोन कागद त्यांच्यासमोर ठेवले, दोन रेघांचे.

"ही कुठली?" मास्तरांनी दुसरीवर बोट ठेवलं.

"तीच. तुमचीच चाचणी. फक्त बंद पडलेल्या कंपन्या परत घातल्यात."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही."

"नाहीच. चूक माझ्या तक्त्यात आहे."

"तुम्ही काहीतरी गोंधळ केला असेल. तारखा उलट्या—"

"झाल्या होत्या. दुरुस्त केल्या."

"लघुनावं—"

"नऊ होती. वेगळी केली. मास्तर, बसा. तुम्ही स्वतः बघा."

मास्तर बसले. बोटं कीबोर्डवर चालू लागली. एक कंपनी उघडायची, तिचे भाव वर-खाली बघायचे, मिटायची, दुसरी उघडायची. नऊ वाजायला दहा मिनिटं होती. शेजारच्या स्क्रीनवर सॉफ्टवेअरने सकाळच्या अडतीस ऑर्डरी तयार करून ठेवल्या होत्या. वर कोपऱ्यात सव्वानऊकडे जाणारे सेकंद उलटे मोजत होते.

भाऊजी आले ते शीळ घालत. दोघांचे चेहरे बघून शीळ थांबली. वहिनींनी सांगितलं. शक्य तितकं थोडक्यात.

"आज?" भाऊजी म्हणाले. "आजच सुचलं हे तुम्हाला?"

"शुक्रवारी कळलं. रविवारी खात्री झाली."

"कोणी काढली होती ही नावं?"

वही वहिनींच्या हातात होती. बोट त्या पानावर होतं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी," वहिनी म्हणाल्या आणि वही मिटली.

"वा! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, ते खोटं नाही." भाऊजींचा आवाज खाली गेला. ते रागावले की ओरडत नसत, हळू बोलत, आणि ते जास्त वाईट असे. "ऐका वहिनी. बाजार जिवंत कंपन्यांचा आहे, मेलेल्यांचा नाही. आपण आज जिवंत असलेल्याच घेणार आहोत. महिनाभर चालवू. नाही जमलं तर थांबवू."

"त्या एकशे त्रेचाळीसही तेव्हा जिवंतच होत्या, भाऊजी. मास्तरांच्या नियमाने त्या पडल्या तेव्हा आपण घेतल्याच असत्या. या अडतिसातल्या कुठल्या उठणार नाहीत, ते आज कोणाच्या कपाळावर लिहिलंय?"

"डॉक्टरांना यातलं काही बोलायचं नाही. तुम्ही आत बसा."

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टरीणबाई वेळेच्या पक्क्या. "आले बरं का मी! बसू कुठे?"

भाऊजींनी चेहऱ्यावर हसू चढवलं, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. वहिनी आत जायच्या दारापर्यंत गेल्या. सेकंदांचा आकडा हजाराच्या खाली आला होता. दाराची कडी त्यांच्या हातात होती. हा धाकटा दीर भाऊ गेल्यावर सहा महिने रोज ऑफिसातून येताना त्यांच्या खोलीत डोकावून "वहिनी, जेवलात?" विचारायचा. त्याच्याविरुद्ध त्या कधी चार लोकांत बोलल्या नव्हत्या. या बाईंची तर ओळख अवघी तीन दिवसांची.

त्या वळल्या.

"डॉक्टर, शुक्रवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

कडी सोडून त्या बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"यादी पूर्ण नव्हती. तुमच्या वडिलांची कंपनी मीच काढली होती. तशा एकशे त्रेचाळीस काढल्या होत्या. त्या धरल्या तर ही रेघ चढत नाही, उतरते."

"वहिनी!" भाऊजी उठले.

डॉक्टरीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. रुग्णाला गप्प करायची जन्माची सवय. "थांबा हो. मला यातलं कळत नाही. मास्तर, तुम्ही सांगा. या म्हणतात ते खरं?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्यासमोर एक कंपनी उघडी होती. त्यांनी स्क्रीन हळूच बाईंकडे वळवली. "ही तुमची पंख्यांची. माझ्या सॉफ्टवेअरने ही सात वेळा घेतली असती. दर वेळी आधीपेक्षा खाली."

बाई स्क्रीनजवळ वाकल्या. "वडिलांनी पाच वेळा घेतली होती," त्या म्हणाल्या. "बाबा त्या मानाने शहाणेच म्हणायचे." कोणी हसलं नाही. त्याही हसल्या नाहीत.

"आणि ती नावं वहिनींनी मनाने काढली नव्हती," मास्तर म्हणाले. "मी सांगितलं होतं काढायला. अडगळ म्हणालो होतो मी. शाळेत पोरांना शिकवायचो, उत्तर जमत नाही म्हणून गणितातला आकडा खोडायचा नाही. आणि स्वतः तेच केलं."

सेकंद दोनशे दहा. दोनशे नऊ.

"थांबवायचं कसं असतं हे?" बाईंनी विचारलं.

"एक बटण आहे."

"मग दाबा ना."

मास्तरांनी भाऊजींकडे बघितलं. मालक ते. भाऊजी टेबलाला टेकून उभे होते, इस्त्रीच्या शर्टाच्या काखा भिजलेल्या. एकशे चाळीस. एकशे तीस. शंभरच्या आत आकडा आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि हाताने नुसती खूण केली. मास्तरांनी बटण दाबलं. अडतीस ऑर्डरी एकेक करून करड्या झाल्या. सव्वानऊला बाजार उघडला तेव्हा त्या खोलीतून काहीच गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्याभरात आपली रक्कम परत घेतली. चिडून नाही, पण ठामपणे. जाताना त्यांनी वहिनींचा हात दाबला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही हो म्हणालात ना, तेव्हाच मला वाटलं, या बाईंची दाढ दुखतेय."

भाऊजींनी पुढची खोली सोडून दिली आणि तिघं मागच्या एका खोलीत आले. घरात ते वहिनींशी दोन महिने बोलले नाहीत. जेवताना काही हवं असलं तर बायकोला सांगत, आणि ती बिचारी मधल्या मधे वाडगी सरकवत राही. वहिनींना ते लागायचं. एकदा त्यांनी गावी बहिणीकडे निघून जायचं मनात आणलं, पिशवीही भरली. मग दुपारचे भाव चढवायची वेळ झाली आणि त्या ऑफिसात गेल्या.

मास्तर नऊ दिवस फिरकले नाहीत. दहाव्या दिवशी आले, दाढी वाढलेली, हातात कोरी वही. वहिनींच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "तुमच्या डिस्कवर आहेत त्या एकशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "पण सुरुवातीला ज्याच्याकडून आपण जुने भाव विकत घेतले, त्यानेही आधीच काही गाळल्या असतील की हो."

"असतील."

"कशा शोधायच्या?"

वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे होते. दर शनिवारी दोघं तिथे जायला लागले. भावांची पानं चाळायची, आज आहे आणि पुढच्या महिन्यात नाही असं नाव दिसलं की टिपायचं. वर्षभरात आणखी एकसष्ट मिळाल्या. मास्तर धुळीने शिंकत, वहिनींना नावं वाचून दाखवत, आणि कुठे एखाद्या कंपनीत ओळखीचं कोणी कामाला असल्याचं आठवलं की थांबून ती हकिगत सांगत. मास्तर इतकं बोलतात हे वहिनींना ठाऊकच नव्हतं.

नवा नियम तयार झाला तो आधीच्यापेक्षा बराच भित्रा. त्याची रेघ जिना चढत नव्हती. चढणीवर सायकल ढकलत न्यावी तशी रखडत जात होती, दोनदा तर चांगली घसरलीही होती. भाऊजींनी ती बघितली. परक्याचा पैसा नको, आपलाच थोडा लावू, म्हणाले. हे ते मास्तरांना म्हणाले, पण बघत होते वहिनींकडे.

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअरने तीन कंपन्या घेतल्या. दुपारपर्यंत दोन खाली गेल्या.

"उठतील का हो?" भाऊजींनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

भाऊजी मग वहिनींच्या टेबलापाशी आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि घसा खाकरला. "वहिनी," ते म्हणाले, "जेवलात?"